गाणं फुकट ऐकावं, पण नावगाव विचारून

मिरजेत मी संगीताचा क्लास चालवते. गायन आणि पेटी, दोन्ही शिकवते. मुलांना गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसवते. शिकवण्यात जेवढा वेळ जातो, जवळजवळ तेवढाच हल्ली 'काय ऐकू आणि कुठं ऐकू' याची उत्तरं देण्यात जातो. मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात. "बाई, महिन्याला पैसे भरायचं ॲप नको, फुकटातलं सांगा. आणि चोरीचं-बिरीचं नको हं, पोराच्या फोनमध्ये काहीतरी घुसायचं." प्रश्न रास्त आहे. दरवेळी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यानं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

१. सुरुवात रेडिओपासून करा.

ॲपची यादी मागायला आलेला माणूस 'रेडिओ' म्हटलं की हिरमुसतो. मला मात्र फुकट आणि निर्विवाद कायदेशीर असा यापेक्षा सरळ मार्ग दिसत नाही. प्रसार भारतीचं 'न्यूजऑनएअर' ॲप फोनवर घेतलं की आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं आणि वाहिन्या ऐकता येतात. सांगली, पुणे, मुंबईची अस्मिता वाहिनी, विविध भारती सगळं त्यात आहे. आमच्या कामाची वाहिनी म्हणजे 'रागम'. २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास फक्त शास्त्रीय संगीत देणारी ही वाहिनी आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही लागतं, त्यामुळं मुलांच्या कानावर त्यागराजांच्या कृतीही आपोआप पडतात. मी मुद्दाम लावून दिल्या असत्या तर कुणी ऐकल्या नसत्या.

रेडिओचा दुसरा फायदा असा की काय ऐकायचं ते आपण निवडत नाही. फोनवर मुलं तेच ते ऐकतात. एकानं यमन लावला की यंत्र त्याला पुढचे चार यमन सुचवतं. रेडिओवर अचानक एखादी जुनी ठुमरी लागते, नाहीतर कधी न ऐकलेला सारंगीवादक.

आकाशवाणीला या बाबतीत इतिहासही मोठा आहे. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि संगीत संमेलनं १९५४ पासून. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मराठीच. शास्त्रीय संगीत घराघरात पोचावं म्हणून ते हट्टाला पेटले आणि त्याच भरात सिनेगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. जे गाणं लोकांना हवं असतं ते सरळ मार्गानं मिळालं नाही तर लोक दुसरीकडं जातात, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. नंतरच्या संगीत कंपन्यांना ते कळायला फार वर्षं लागली. तोवर प्रत्येक एसटी स्टँडजवळच्या मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा जोरात चालला.

आकाशवाणी-दूरदर्शनच्या संग्रहातलं बरंच जुनं ध्वनिमुद्रण 'प्रसार भारती अर्काइव्हज' या त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर आहे. पेटीच्या विद्यार्थ्यांना मी एक गंमत सांगते. जुन्या आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणात साथीला पेटी शोधू नका. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती थोडीफार सैल झाली १९७१ मध्ये. मधल्या काळातलं गाणं ऐकताना गवयाच्या मागं सारंगी कशी चालते तिकडं लक्ष द्या. पेटीवाल्याला त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

२. गाण्याखालचा मजकूर वाचा.

यूट्यूबवर एकच नाट्यपद शोधा, पंधरावीस ठिकाणी सापडेल. कुठं गायकाच्या फोटोवर फुलं उमलत असतात, कुठं सूर्यास्त, कुठं नुसता देवाचा फोटो. यातलं अधिकृत कुठलं?

गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात मजकूर असतो, तो उघडून बघायचा. कंपनीनं रीतसर दिलेलं गाणं असेल तर पहिल्याच ओळीत 'प्रोव्हायडेड टू यूट्यूब बाय' आणि पुढं कंपनीचं किंवा वितरकाचं नाव येतं. मग गाण्याचं नाव, गायक, अल्बम. त्याखाली वर्तुळातलं 'पी' हे अक्षर, साल आणि मालकाचं नाव. अगदी शेवटी 'ऑटो-जनरेटेड बाय यूट्यूब'. अशा चॅनेलच्या नावात गायकाच्या नावापुढं 'टॉपिक' असा शब्द जोडलेला असतो. हे चॅनेल कुणी माणूस चालवत नाही. कंपनीनं दिलेल्या गाण्यांवरून यंत्रच ते तयार करतं. दिसायला रुक्ष, एक स्थिर चित्र आणि बस. पण गाणं अस्सल असतं आणि त्याचा मोबदला जिथं जायचा तिथं जातो.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनीचं स्वतःचं चॅनेल. जुन्या मराठी गाण्यांचा मोठा साठा सारेगामाकडं आहे, कारण एचएमव्ही म्हणून आपण ज्या कंपनीच्या कुत्र्याचं चित्र असलेल्या तबकड्या बघत आलो, तीच ही ग्रामोफोन कंपनी. तिचं मराठी गाण्यांचं चॅनेल आहे.

आणि तिसरा प्रकार 'गानप्रेमी अमुक' नावाच्या खात्याचा. त्यातले काही खरोखरचे जाणकार संग्राहक असतात. त्यांनी दिलेली माहिती कंपनीपेक्षा चांगली असते. पण तिथं गाणं आहे म्हणजे परवानगी आहेच असं नाही. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा चढवलेलं गाणं मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघते. जुळलं तर मालकाला तीन वाटा असतात: बंद पाडायचं, नुसतं लक्ष ठेवायचं, की जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडं वळवायचं. पुष्कळदा कंपन्या तिसरी वाट धरतात आणि गाणं तिथंच राहू देतात. बाहेरून हे आपल्याला कळत नाही. म्हणून मुलांना सांगते, अधिकृत प्रत असेल तर तीच ऐका. नसेल तेव्हाच दुसरीकडं बघा.

३. पट्टी सरकलेली वाटली तर संशय घ्या.

ही गोष्ट संगीत शिकणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. कंटेंट आयडीला चकवण्यासाठी काही लोक गाणं चढवण्याआधी त्याचा वेग किंवा पट्टी किंचित बदलतात. यंत्राची जुळणी चुकते, गाणं तगतं. चालता-फिरता ऐकणाऱ्याला काहीच जाणवत नाही. रियाजाला बसणाऱ्याची मात्र वाट लागते.

माझ्याकडं मध्यमा परीक्षेची एक मुलगी आहे. एका बड्या ख्यालगायकाचा मालकंस ऐकून ती घरी तानपुरा लावायची आणि वैतागायची. तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एक लावली तर गाणं वर राहायचं, पांढरी दोन लावली तर खाली. मी तिला म्हटलं, षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे असणं यात नवल नाही. गवई पेटीबरहुकूम तानपुरा लावत नाहीत, आणि जुन्या टेपही कमीजास्त वेगानं फिरायच्या. पण तीच मैफल कंपनीच्या चॅनेलवर शोधून दोन्ही शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा फरक उघडा पडला. कंपनीकडची प्रत बरोबर काळी एकमध्ये होती. दुसरीत सूर वर चढलेला, तबल्याची लय घाईची, आणि आवाजाला असा एक चिमटा बसलेला की त्या गायकाचा तो भरदार खर्ज कुठं गेला असं वाटावं.

हिशेब सोपा आहे. नुसता वेग वाढवून पट्टी अर्धा स्वर वर न्यायची तर वेग सुमारे सहा टक्के वाढवावा लागतो. म्हणजे वीस मिनिटांचं गाणं एकोणीस मिनिटांच्या आत संपतं. दोन प्रती सापडल्या की आधी त्यांची लांबी बघा. सुरुवातीच्या टाळ्या आणि शेवटचं बोलणं तेच असून मिनिटभराची तफावत असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय.

पालकांना कायद्याच्या गोष्टी सांगितल्या की ते मान डोलावतात आणि विसरतात. "चोरून चढवलेल्या गाण्यावर पोरीचा रियाज बेसूर होईल," असं सांगितलं की मात्र लगेच पटतं.

४. साठ वर्षांचा नियम समजून घ्या, पण अर्धवट नको.

'जुनं गाणं म्हणजे सगळ्यांचं' असं सर्रास बोललं जातं. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचं स्वामित्व प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतं, आणि मोजायला सुरुवात होते पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपणार होती, तेव्हा ती वाढवून साठ केली गेली.

पण गाण्यात तीन गोष्टी असतात आणि तिन्हींचं स्वामित्व वेगळं असतं: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल यांची मुदत कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.

आपल्या ओळखीची दोन उदाहरणं घेऊ. 'संगीत मानापमान' १९११ चं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यामुळं त्या पदांचे शब्द २००८ च्या अखेरीस मोकळे झाले आणि चाली २०१५ च्या. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची मुदतही कधीच उलटली. पण तेच पद एखाद्या आजच्या गायिकेनं दहा वर्षांपूर्वी गाऊन प्रकाशित केलं असेल, तर ते ध्वनिमुद्रण नवं आहे आणि त्याचा मालक जिवंत आहे.

आता 'गीतरामायण' बघा. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिलं गीत गेलं. एवढं जुनं म्हणून ते आता सर्वांचं झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. पण गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे चाली २०६२ पर्यंत. ऐकायला काही अडचण नाही, अधिकृत प्रती भरपूर आहेत. कार्यक्रम करून, ध्वनिमुद्रित करून, आपल्या नावानं चढवायचं असेल तेव्हा मात्र हे तपासावं लागतं.

या गुंत्याचं सगळ्यात मोठं उदाहरण गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घातली. ती आज आंतरतारकीय अवकाशात जाऊन पोचलीय. पुढं २०१५ मध्ये नासानं त्या तबकडीतले निरनिराळ्या भाषांमधले नमस्कार आणि पृथ्वीवरचे आवाज साउंडक्लाउडवर सगळ्यांना ऐकायला ठेवले. संगीत मात्र ठेवता आलं नाही, कारण हक्क नासाचे नव्हते. म्हणजे परग्रहावरच्या कुणाला सापडलं तर त्यानं केसरबाई खुशाल ऐकाव्यात. पृथ्वीवरच्यांनी आधी मालक कोण ते विचारावं!

५. जुन्या तबकड्या ऐकायला वेगळी ठिकाणं आणि वेगळा कान लागतो.

१९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी अमेरिकेत सुरू केलेलं 'इंटरनेट अर्काइव्ह' हे मोफत ग्रंथालय आहे. पुस्तकांबरोबर तिथं अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचा अफाट साठा आहे. जाहिरात नाही, खातं उघडायची सक्ती नाही. शोधायच्या चौकटीत 'अब्दुल करीम खाँ' हे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकून बघा. आमच्या गावचे खाँसाहेब! १९३७ मध्ये गेले, इथंच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेब दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली होणारी संगीतसभा आजही तिकिटाशिवाय ऐकता येते. इतकं फुकट आणि इतकं कायदेशीर गाणं दुसरीकडं कुठं मिळणार?

पण इंटरनेट अर्काइव्हवर कुणीही काहीही चढवू शकतो. तिथं आहे म्हणजे मोकळं आहे, असं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांच्या प्रकल्पावरून मोठ्या संगीत कंपन्यांनी २०२३ मध्ये या संस्थेवर खटला भरला होता. २०२५ मध्ये तडजोड झाली. म्हणून तबकडीचं साल बघायचं आणि वरचा हिशेब लावायचा. साल दिलेलं नसेल तर संग्राहकांच्या याद्या उपयोगी पडतात. १९९० पासून मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आहे. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या अंकांतून जुन्या तबकड्यांचे क्रमांक, सालं आणि गायकांची माहिती छापली गेली. हौशी माणसांनी पदरमोड करून केलेलं हे काम आहे.

आता कानाचं. पहिल्यांदा जुनी तबकडी लावल्यावर मुलं म्हणतात, "बाई, खरखरच ऐकू येतीय." येणारच. दोनतीन तबकड्या सलग ऐकल्या की कान ती खरखर बाजूला ठेवायला शिकतो. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात स्थायी, अंतरा, आलाप, ताना. परीक्षेत दहा मिनिटं मिळूनही राग उभा करता येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी या तबकड्या ऐकवते. आणि अगदी सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या शेवटपर्यंत ऐका. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित करून गेला. गाणं संपलं की ती ठसक्यात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगते. हौस म्हणून नव्हे. मेणाचे मूळ साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथल्या कारागिरांना तबकडी कुणाची हे कळायला हवं असायचं.

पट्टीचा प्रश्न इथंही आहे, पण यात लबाडी नाही. जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनीच मुद्रित व्हायच्या असं नाही. कुठं बहात्तर, कुठं ऐंशी. उतरवून घेणाऱ्यानं सगळ्या एकाच वेगानं फिरवल्या तर पुरुष गवई बायकी वाटायला लागतो. तेव्हा पट्टी प्रमाण मानू नका. बंदिश आणि लगाव तेवढा घ्या.

६. जाहिराती कुठं येतात त्यावरून ठिकाण ठरवा.

विलंबित ख्याल रंगात आलाय, गवई समेवर यायला अर्धी मात्रा उरलीय, आणि एकदम कपड्याच्या साबणाची जाहिरात! व्हिडिओच्या ठिकाणी मोठ्या गाण्यात मधेच जाहिरात घुसू शकते. फक्त ध्वनीच्या सेवांवर, म्हणजे स्पॉटिफाय किंवा जिओसावनच्या फुकट खात्यात, ती साधारणपणे दोन गाण्यांच्या मधे येते. त्यामुळं चाळीस मिनिटांचा ख्याल एकाच ट्रॅकमध्ये असेल तर तो तिथं अखंड ऐकायला मिळतो. तीन मिनिटांची भावगीतं ऐकायची असतील तर याच्या उलट. तिथं जाहिराती फार टोचतात. फुकट खात्यात हवं ते गाणं हव्या त्या क्रमानं लावता येईल की नाही, याचे नियम या कंपन्या सतत बदलत असतात. त्यावर विसंबून परीक्षेच्या आदल्या रात्री गाणं शोधत बसू नये.

डेटाचंही बघा. १६० केबीपीएसनं तासभर ऐकलं तर साधारण ७२ एमबी जातात, ९६ नं ऐकलं तर ४३. व्हिडिओ लावून फोन पालथा ठेवणाऱ्यांचा डेटा याच्या कितीतरी पट जातो, आणि बघत तर कुणीच नसतं.

७. 'प्रीमियम फुकट' म्हणून लिंक आली तर पुसून टाका.

मूळ ॲपची कुलपं तोडून केलेली 'मॉड' आवृत्ती टेलिग्रामवर फिरत असते. ती प्ले स्टोअरवर नसते. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अनोळखी ठिकाणाहून' परवानगी द्यावी लागते. ज्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात त्या फोनवर हे करायचं नाही. पुढं बोलायची गरज नाही.

८. यादी वहीत ठेवा.

फुकट सेवा आज आहे, उद्या असेलच असं नाही. 'गाना'नं २०२२ मध्ये फुकट ऐकणं बंद केलं. 'रेसो' ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं. 'विंक' त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट त्यांच्याबरोबर गेल्या. गाणी कुठं गेली नव्हती. ती दुसऱ्या ठिकाणी होतीच. पण कुठली होती हेच आठवेना.

माझ्या क्लासमध्ये प्रत्येकाची एक ऐकण्याची वही असते. गाणं, गायक, राग, ताल, कुठल्या नाटकातलं किंवा अल्बममधलं, साल, कुठं ऐकलं. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाची फार मदत होते. गीतकार, संगीतकार, नाटक, राग अशी माहिती तिथं हौसेनं आणि काळजीनं जमवलेली आहे. ही वही असली की कुठलंही ॲप बंद पडो, नाव टाकलं की गाणं दुसरीकडं सापडतं. वरचा साठ वर्षांचा हिशेबही याच नोंदीवरून होतो. 'ते हो, ते निळ्या फोटोवालं गाणं' एवढ्यावर काहीच सापडत नाही.

९. मांडवातलं गाणं वेगळं.

गणपती आले की मंडळाची पोरं येतात. "बाई, तुमच्या फोनवरची नाट्यगीतं सकाळी स्पीकरवर लावू?" ही सगळी खाती, फुकट असोत की पैशाची, व्यक्तिगत ऐकण्यासाठी असतात. तशी अटच असते. हॉटेल, सलून, दुकान इथं गाणं लावायचं तर त्याचा परवाना वेगळा. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस अशा संस्था तो देतात. धार्मिक विधीला आणि लग्नाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. पण लग्नाच्या आदल्या रात्रीचा डीजे त्यात बसतो का, यावर वाद झडत आलेत. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये या सुटीबद्दल परिपत्रक काढलं होतं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी रद्द केलं. मंडळाच्या पोरांना मी मधला रस्ता सुचवते. क्लासची मुलं आणते, खाडिलकर-टेंब्यांची पदं प्रत्यक्ष गातो. परवाना नको आणि स्पीकरही थोडका पुरतो.

१०. परदेशातल्यांनी ग्रंथालयाचं कार्ड काढावं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात असते, अजून ऑनलाइन शिकते. मी पाठवलेल्या काही लिंक तिला उघडतच नाहीत: 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. कारण हक्क देशोदेशी वेगवेगळ्या कंपन्यांना विकलेले असतात, आणि कायदाही वेगळा असतो. आपल्याकडं १९३५ ची तबकडी केव्हाच मोकळी झाली. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे तीच तबकडी तिथं २०३५ अखेरपर्यंत बंद.

तिला मी व्हीपीएनचे उद्योग करू दिले नाहीत. तिकडच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढायला लावलं. अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांच्या कार्डावर 'हूपला' किंवा 'फ्रीगल' यांसारख्या सेवा मोफत मिळतात. पैसे ग्रंथालय भरतं. भारतीय संगीताचे अल्बमही त्यांत सापडतात. शिवाय २००६ मध्ये इंग्लंडात लेस्टरला सुरू झालेल्या दरबार महोत्सवाचं यूट्यूब चॅनेल आहे. तिथं आजच्या गायक-वादकांच्या उत्तम ध्वनिमुद्रित मैफली आहेत. तरुण कलाकार बँडकॅम्पवर अख्खे अल्बम ऐकायला ठेवतात. तिथं आवडलं तर विकत घ्यायचं बटण शेजारीच असतं, आणि ते दाबायला मी विद्यार्थ्यांना कधीच अडवत नाही.

'रागम' तिला तिकडंही लागतं. फक्त आपल्या सकाळी सहाला तिच्याकडं उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. मागं तिनं विचारलं, "बाई, मावळतीला भैरव ऐकला तर चालेल का?" मी म्हटलं, ऐक खुशाल, पण रियाजाला तुझ्या घड्याळाप्रमाणं यमनच घ्यायचा.